नाकेदार बदलला, नाका राहिला

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मेळाव्यात ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी दोन घोषणा केल्या. आपली कंपनी भ्रमणध्वनीच्या व्यवसायात उतरत असून तिच्या यंत्राचे नाव आयफोन असे राहील, ही पहिली. तिचा गाजावाजा जगभर झाला. दुसरी घोषणा भाषणाच्या शेवटी शेवटी आली. तीस वर्षे 'ॲपल कॉम्प्युटर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने आपल्या नावातला 'कॉम्प्युटर' हा शब्द त्या दिवसापासून गाळून टाकला. या दुसऱ्या घोषणेकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. आज मागे वळून पाहता, दोहोंत अधिक अर्थपूर्ण कोणती, असा प्रश्न पडावा इतके तिचे महत्त्व स्पष्ट झाले आहे. पहिली घोषणा एका वस्तूची होती. दुसरीत एका व्यवसायाने आपली जुनी हद्द ओलांडल्याची कबुली होती.

संगणक तयार करणारी कंपनी भ्रमणध्वनीच्या बाजारात उतरणार काय, आणि उतरलीच तर टिकणार काय, या प्रश्नावर या शतकाच्या पहिल्या दशकात पुष्कळ शाई खर्च झाली. आधी ॲपलविषयी अटकळी बांधल्या गेल्या. पाठोपाठ डेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एसर आणि लेनोव्हो यांच्याविषयीही बांधल्या गेल्या. त्यांतील काही खऱ्या ठरल्या, काही हवेत विरल्या. परंतु अटकळ खरी ठरणे आणि प्रश्न योग्य विचारला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकवाल्यांना फोन बनवता येईल काय, असे सर्वांनी विचारले. फोन आणि तो वापरणारा माणूस यांच्यामधल्या वाटेवर नाका कोणाचा राहील, असे फार थोड्यांनी विचारले. पुढे जे घडले त्याचा उलगडा या दुसऱ्या प्रश्नातूनच होतो; आणि सामान्य ग्राहकाचे हितही त्याच प्रश्नाशी निगडित आहे.

अनुमानांचा हंगाम

ॲपल फोन काढणार, ही वार्ता २००७ च्या आधी किमान पाच वर्षे फिरत होती. 'आयफोन' हे नाव धारण करणारा इंटरनेटवरचा एक पत्ता कंपनीने १९९९ सालीच आपल्या नावे नोंदवून ठेवला होता. ऑगस्ट २००२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अशा बारीकसारीक हालचालींचा अन्वय लावून कंपनीची पावले फोनच्या दिशेने पडत असावीत, असा तर्क मांडला. पुढे या तर्काला अर्थशास्त्राचाही आधार मिळाला. नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आलेला आयपॉड हा खिशातला वाद्यवृंद इतका लोकप्रिय झाला, की २००६ च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे चाळीस टक्के उत्पन्न एकट्या आयपॉडचे होते. तोच भ्रमणध्वनीवरही गाणी वाजू लागली. लोक दोन यंत्रे खिशात बाळगणार नाहीत, हे समजण्यास ज्योतिषी लागत नव्हता. म्हणजे फोनच्या धंद्यात शिरणे ही ॲपलची केवळ हौस नव्हती. तीत स्वसंरक्षणाची निकड होती.

उलट बाजूला मांडण्याजोगेही बरेच होते. हाती धरावयाच्या यंत्रांचा एक प्रयोग ॲपलने पूर्वी केलेला होता. १९९३ साली आणलेले 'न्यूटन' हे यंत्र अपेक्षेइतके खपले नाही आणि १९९८ च्या फेब्रुवारीत खुद्द जॉब्ज यांनीच ते बंद केले होते. त्यानंतर सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोला कंपनीच्या साह्याने 'रोकर' नावाचा, ॲपलची गाणी वाजवणारा फोन आला. त्यात शंभरांहून अधिक गाणी मावत नसत. त्याचाही बोजवारा उडाला. अटकळींचा भर इतका होता, की डिसेंबर २००६ मध्ये 'आयफोन' नावाचे यंत्र खरोखरीच बाजारात आले. पण ते ॲपलचे नसून सिस्को या कंपनीचे निघाले. नावाचे हक्क सिस्कोकडे होते. जॉब्ज यांच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी सिस्कोने दावा ठोकला आणि पुढील महिन्यात उभयतांत तडजोड झाली. बाजारात तुरी असताना घरात भांडण जुंपण्याचा हा प्रकार होता.

जाणकारांची मते तर सर्वश्रुत आहेत. पाम या कंपनीचे प्रमुख एड कॉलिगन यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये, चांगला फोन बनवण्यासाठी आपण अनेक वर्षे झगडत शिकलो आहोत, संगणकवाले असे सहज चालत येऊन ते साधणार नाहीत, या आशयाचे उद्गार काढले. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी एप्रिल २००७ मध्ये आयफोनला बाजाराचा लक्षणीय हिस्सा मिळण्याची शक्यताच साफ फेटाळली. पुढे कोणाचे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे या मंडळींना आज हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. भ्रमणध्वनी हे प्रथमतः रेडिओ-यंत्र आहे. लहरी पकडणे, बॅटरी दिवसभर पुरवणे, हातातून पडले तरी न फुटणे आणि देशोदेशींच्या जाळ्यांशी जुळवून घेणे, हे संगणकाहून वेगळे शास्त्र आहे. घोषणेच्या भाषणात जॉब्ज यांनीच सांगितल्याप्रमाणे २००६ साली जगात ९५ कोटी ७० लाख फोन विकले गेले होते. त्या काळी नोकिया ही एकटी फिनलंडची कंपनी जागतिक विक्रीचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा उचलीत होती. जॉब्ज यांनी २००८ पर्यंत स्वतःसाठी मागितला तो वाटा होता अवघा एक टक्का, म्हणजे एक कोटी फोनांचा. हा आकडासुद्धा पुष्कळांना अवाच्या सवा वाटला.

नाक्यावरची सत्ता

या सर्व हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि गृहीत धरल्यामुळेच ती तपासली गेली नाही. अमेरिकेत त्या काळी फोन बनवणाऱ्या कंपनीचा खरा ग्राहक फोन वापरणारा माणूस नव्हताच. तिचा ग्राहक होती दूरध्वनी सेवा पुरवणारी कंपनी. ही सेवाकंपनी फोन घाऊक विकत घेई, आपल्या पदरचे पैसे घालून तो स्वस्तात देई, आणि त्या बदल्यात ग्राहकाला दोन वर्षांच्या करारात बांधून घेई. ज्याच्या हाती पैशाची थैली, त्याच्याच हाती अटी. फोनवर कोणाचे नाव झळकावे, त्यातली कोणती सोय खुली ठेवावी, कोणती बंद करावी, घंटीचे सूर आणि खेळ कोणी विकावेत, हे सेवाकंपनी ठरवी. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. माल कोणाचा का असेना, जकात चुकवल्याखेरीज तो आत येत नसे. अमेरिकेतील भ्रमणध्वनीच्या बाजाराच्या वेशीवर सेवाकंपन्यांचा असाच नाका होता.

'रोकर'चे अपयश या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ निराळा लागतो. ते यंत्र मोटोरोलाचे, गाणी वाजवणारा कारभार ॲपलचा आणि जाळे सिंग्युलर या सेवाकंपनीचे. तीन मालकांच्या सोयीने बनलेल्या त्या वस्तूत हवेतून थेट गाणे विकत घेण्याची सोय नव्हती. गाणे आधी संगणकावर घ्यायचे आणि मग तारेने फोनमध्ये उतरवायचे. अशा यंत्राला चौथा, म्हणजे ते विकत घेणारा, मालक मिळाला नाही, यात नवल नाही.

ॲपलने यातून घेतलेला धडा यंत्ररचनेपेक्षा कराराचा अधिक होता. त्याच सिंग्युलरशी, म्हणजे पुढे एटी अँड टी या नावाने चालू राहिलेल्या कंपनीशी, तिने जो करार केला त्याने नाक्यावरचे नियम उलटे केले. फोनची घडण सर्वस्वी ॲपलच्या हाती राहिली. त्याच्या अंगावर सेवाकंपनीचे नाव नव्हते. नवा फोन चालू करण्यासाठी सेवाकंपनीच्या दुकानात तिष्ठण्याऐवजी ग्राहकाने घरी बसून ॲपलच्याच कारभारातून तो चालू करावा, अशी व्यवस्था होती. ग्राहकाच्या मासिक देयकातील एक भाग सुरुवातीस ॲपलला मिळत असे. या बदल्यात सिंग्युलरला अमेरिकेत आयफोनचा एकाधिकार मिळाला. याच प्रस्तावावर व्हेरायझन या दुसऱ्या बलाढ्य सेवाकंपनीशीही बोलणी झाली होती. तिने नकार दिला. अधिकार सोडणे तिला जड गेले, आणि त्या घटकेला व्यापारी दृष्टीने तो निर्णय वेडगळ नव्हता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. केवळ कराराच्या बळावर आयफोन यशस्वी झाला, असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक ठरेल. २९ जून २००७ रोजी विक्रीला आलेले ते यंत्र बोटाच्या स्पर्शाने चालत होते, आणि संगणकावर दिसते तशी इंटरनेटवरची पाने त्यावर पाहता येत होती. हे साधले नसते तर कराराचा कागद कागदच राहिला असता. किंमतही जुळवून घ्यावी लागली. ५९९ डॉलरचे यंत्र दोन महिन्यांच्या आतबाहेर ३९९ डॉलरवर आले, आणि दुसऱ्या वर्षी मासिक उत्पन्नातील वाटा सोडून ॲपलने सेवाकंपन्यांच्या सवलतीची जुनीच पद्धत पत्करली. पैशाच्या बाबतीत ती वाकली. अधिकाराच्या बाबतीत मात्र वाकली नाही. हा भेद ज्यांच्या ध्यानात आला नाही त्यांची कथा बोधप्रद आहे.

दोन फसलेल्या वाटा

डेल कंपनीची अटकळ ॲपलच्या अटकळीइतकीच सबळ होती. किंबहुना काही बाबतींत अधिक. २००२ पासून तिचे 'ॲक्झिम' हे हातातले यंत्र बाजारात होते. ते २००७ मध्ये बंद झाले, परंतु त्याच वर्षी मोटोरोलाच्या फोन-विभागाचे प्रमुख रॉन गॅरिक्स यांना डेलने आपल्याकडे ओढले. डेल फोन काढणार, या चर्चेला यानंतर ऊत आला आणि २००९ च्या आरंभी अमेरिकेतील प्रमुख आर्थिक दैनिकांत तिचे प्रतिध्वनी उमटले. सेवाकंपन्यांना डेलचे नमुने पसंत पडले नाहीत, अशीही वदंता त्याच सुमारास पसरली. २००९ च्या नोव्हेंबरात डेलचा पहिला फोन जाहीर झाला तो चीन आणि ब्राझील या देशांसाठी. चीनमध्ये तो तेथील सर्वांत मोठ्या सेवाकंपनीने आपल्यासाठी घडवून घेतलेल्या प्रणालीवर चालत होता. नाकेदाराने सांगावे आणि कारखानदाराने तसे घडवावे, या जुन्या रीतीला धरूनच हे झाले.

२०१० मध्ये डेलने पाच इंची पडद्याचा 'स्ट्रीक' आणला. एवढा मोठा फोन कोण कानाला लावणार, अशी त्याची थट्टा झाली. आजचे फोन पाहता त्या आकारात दूरदृष्टी होती, हे मान्य करावे लागते. तरीही २०११ मध्ये तो बंद झाला आणि २०१२ च्या डिसेंबरात डेलने फोनच्या धंद्यातून अंग काढून घेतल्याचे स्पष्ट केले. याचे कारण डेलच्या मूळ कौशल्यातच होते. मागणी येताच संगणक जुळवून थेट ग्राहकाला पाठवायचा, मधला दुकानदार आणि गोदामातला साठा टाळायचा, हे तिच्या भरभराटीचे रहस्य. आतील प्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि मेंदू इंटेलचा असल्यामुळे संशोधनावर फार खर्च करण्याची तिला गरज पडली नव्हती. हे कौशल्य फोनच्या बाजारात निरुपयोगी ठरले. तेथे प्रणाली परक्याची, जाळे परक्याचे आणि दुकानही परक्याचे. डेलपाशी स्वतःचे म्हणावे असे नाव तेवढे उरले.

ह्यूलेट-पॅकार्डने दुसरी वाट धरली. जे आपल्यापाशी नाही ते विकत घ्यावे, ही ती वाट. २०१० मध्ये तिने १२० कोटी डॉलर मोजून पाम ही कंपनी विकत घेतली. संगणकवाले सहज चालत येऊ शकणार नाहीत, असे ज्या कंपनीच्या प्रमुखांनी चार वर्षांपूर्वी बजावले होते, तीच ही कंपनी; आणि ती गेली एका संगणकवाल्याच्याच पदरात. काळाचा हा विनोद खराच. परंतु कॉलिगन यांचे भाकीत या ठिकाणी मात्र अक्षरशः खरे ठरले. पामची स्वतःची प्रणाली होती आणि जाणकारांनी तिची वाखाणणीही केली होती. म्हणजे डेलपाशी नसलेली वस्तू ह्यूलेट-पॅकार्डला मिळाली होती. नव्हता तो धीर. व्यवहार पुरा झाल्यावर तेरा-चौदा महिन्यांतच, १८ ऑगस्ट २०११ रोजी, या प्रणालीवर चालणारी सर्व यंत्रे, फोनसकट, बंद करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यांतील 'टचपॅड' हे पाटीसारखे यंत्र तर बाजारात येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. रोप लावून दुसऱ्या दिवशी मुळे उपटून पाहण्याचाच हा प्रकार.

इतरांची गत थोडक्यात सांगता येईल. लेनोव्होने जानेवारी २००८ मध्ये आपला फोन-विभाग १० कोटी डॉलरना विकला आणि पुढल्याच वर्षी तोच २० कोटींना परत घेण्याचे ठरवले. हा एकच व्यवहार त्या काळातील गोंधळाची साक्ष देण्यास पुरेसा आहे. एसरने २००८ मध्ये एक फोन-कंपनी विकत घेतली; फोनच्या बाजारात मात्र तिचा ठसा कधी उमटला नाही. बामर यांच्या मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-व्यवसायच विकत घेतला. हा व्यवहार २०१४ मध्ये पुरा झाला आणि २०१५ च्या जुलैत ७६० कोटी डॉलरची रक्कम बुडीत म्हणून नोंदवावी लागली. पैसा, कारखाना, अनुभव आणि नाव यांपैकी कशाचीही उणीव या कंपन्यांना नव्हती. परंतु ग्राहकाशी थेट नाते जोडणारी, स्वतःच्या मालकीची जागा त्यांतील कोणीही उभी करू शकले नाही.

भारतातले निराळे दार

भारतात हा खेळ निराळ्या पटावर मांडला गेला. येथे जाळे एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे, अशी विभागणी बहुतांशी आरंभापासूनच होती. सिमकार्ड टपरीवर घ्यावे, हँडसेट दुकानातून घ्यावा, आगाऊ पैसे भरावेत आणि पटले नाही तर कार्ड बदलावे. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हाती देणारी योजना काढली, तेव्हा यंत्र आणि जाळे यांची गाठ मारण्याचा मोठा प्रयत्न झाला. ते फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नसत. पण ही रीत देशाची सर्वसाधारण रीत बनली नाही.

त्यामुळे २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत आयफोन भारतात आला, तेव्हा त्याची किंमत पाहून लोक चक्रावले. आठ गिगाबाइटचे यंत्र ३१,००० रुपयांना होते. तेच अमेरिकेत १९९ डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ हजार रुपयांहूनही कमी किमतीत मिळत असल्याच्या जाहिराती येथल्या वाचकांनी पाहिलेल्या होत्या. भारतीय ग्राहकाची लूट चालली आहे, असा सूर उमटणे स्वाभाविक होते. वस्तुतः अमेरिकी ग्राहक उरलेली रक्कम दोन वर्षांच्या मासिक देयकातून, स्वतःच्याही नकळत, फेडीत होता. भारतीय ग्राहकासमोर सगळी किंमत एकदम ठेवली गेली, एवढाच मुख्य फरक. नाक्यावरची जकात कशी दिसेनाशी होते, आणि दिसली नाही म्हणजे ती नाहीच असे माणूस कसे समजतो, याचा हा उत्तम वस्तुपाठ होता.

आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. २०१७ मध्ये बंगळुरूत आयफोनची जुळणी सुरू केली ती विस्ट्रॉन या तैवानी कंपनीने. ही कंपनी मूळची एसरचे अंग. पुढे वेगळी झालेली. स्वतःच्या नावाचे फोन विकण्यात एसर अपयशी ठरली, तर तिच्यातून निघालेल्या शाखेने दुसऱ्याच्या नावाचे फोन लक्षावधींनी जुळवले. २०२३ मध्ये विस्ट्रॉनचा कर्नाटकातील कारखाना टाटा समूहाकडे आला. रोजगार आणि कौशल्य या दृष्टींनी ही घटना स्वागतार्हच आहे. मात्र यंत्र आपल्या देशात बनू लागले म्हणजे त्या यंत्रावरची सत्ताही आपल्याकडे आली, असे समजण्याचे कारण नाही. बनवणारे हात आणि ठरवणारे डोके यांच्यातील अंतर या व्यवसायात फार मोठे आहे.

नव्या नाकेदाराची जकात

हे ठरवणारे डोके आता सेवाकंपनीचे राहिलेले नाही. १० जुलै २००८ रोजी ॲपलने ॲपचे दुकान उघडले. आरंभी त्यात पाचशे ॲप होती. लहानशा खोलीत बसून कोणीही तरुणाने ॲप लिहावे, ते या दुकानात ठेवावे, विक्रीतले सत्तर टक्के त्याने घ्यावेत आणि तीस टक्के ॲपलने, असा सौदा होता. सेवाकंपन्यांच्या जुन्या दरबारात अशा तरुणाला उभेही केले जात नसे. त्या तुलनेत ही व्यवस्था मुक्तीची वाटली आणि काही काळ ती तशी होतीही. जगभर असंख्य छोटे व्यवसाय तिच्यावर उभे राहिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या दुकानाखेरीज आयफोनवर ॲप पोचवण्याचा दुसरा राजमार्ग ठेवला गेला नाही. कोणते ॲप आत घ्यावे, कोणते परत पाठवावे, पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत, हे ठरवण्याचा अधिकार एकाच हाती गेला. म्हणजे जकातनाका मोडला नाही. तो वेशीवरून उठून चावडीत आला. सेवाकंपन्यांनी यावर उपाय म्हणून गूगलची अँड्रॉइड प्रणाली जवळ केली. आयफोनला नकार देणाऱ्या व्हेरायझननेच २००९ च्या नोव्हेंबरात अँड्रॉइडवरचा 'ड्रॉइड' फोन मोठ्या थाटात आणला. आगीतून निघून फुफाट्यात पडावे तसे हे झाले. एका नाकेदाराला टाळताना दुसरा उभा राहिला आणि स्वतः सेवाकंपन्या लहरींची वाहतूक करणाऱ्या हमालाच्या भूमिकेत गेल्या.

या सत्तेविरुद्धची तक्रार आता न्यायालयांच्या आणि नियामकांच्या दारी पोचली आहे. २०२० च्या ऑगस्टात एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ॲपल आणि गूगल या दोघांनाही न्यायालयात खेचले. दुसऱ्या वर्षाच्या आरंभापासून ॲपलने लहान उत्पादकांसाठी तीस टक्क्यांचा दर पंधरा टक्क्यांवर आणला. युरोपीय संघाने अशा कंपन्यांना 'द्वारपाल' हेच नाव देऊन स्वतंत्र कायदा केला आणि मार्च २०२४ पासून त्याची बंधने लागू केली. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारच्या न्याय विभागाने ॲपलविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. भारतीय स्पर्धा आयोगाने ॲपलच्या दुकानाची चौकशी करण्याचा आदेश २०२१ च्या अखेरीस दिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणी आयोगाने गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला.

नाकेदाराची बाजूही ऐकली पाहिजे. दुकानावर पहारा आहे म्हणून ग्राहकाची फसवणूक टळते, बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात आणि दुकान चालवण्यास खर्च येतो, असे या कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. ज्या देशात भाजीवालाही फोनवरून पैसे घेतो, तेथे पहाऱ्याची गरज कोणी नाकारणार नाही. पण पहारेकऱ्याचे वेतन आणि जकातदाराचे उत्पन्न यांत फरक आहे. वेतन किती असावे हे पहारेकरी एकटा ठरवीत नसतो, आणि स्वतःचे दुकान थाटून शेजाऱ्याच्या दुकानावर पहारा देण्याचा हक्कही त्याला नसतो.

पुढची अटकळ

हा सगळा इतिहास उगाळण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे, की अटकळींचा नवा हंगाम सुरू झाला आहे. फोनची जागा घेऊ पाहणारे, छातीवर लावावयाचे एक यंत्र ह्यूमेन नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये विक्रीस आणले. वर्ष उलटण्यापूर्वीच ते बंद पडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या कंपनीची मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली ती ह्यूलेट-पॅकार्डचा संगणक-व्यवसाय चालवणाऱ्या एचपीनेच. त्यानंतर मे महिन्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील ओपनएआय या कंपनीने, आयफोनच्या रूपाचे शिल्पकार जॉनी आइव्ह यांनी उभारलेली यंत्र-कंपनी सुमारे साडेसहाशे कोटी डॉलरच्या व्यवहारात आपलीशी करीत असल्याचे जाहीर केले. ते यंत्र कसे असेल, त्याला पडदा असेल काय, ते फोनला हटवील काय, असे प्रश्न तेव्हापासून विचारले जात आहेत. वीस वर्षांपूर्वी विचारले गेले तेच हे प्रश्न. नावे तेवढी बदलली आहेत.

यातले कोणते भाकीत खरे ठरेल हे सांगण्याचा आव आणण्यात अर्थ नाही; कॉलिगन आणि बामर यांची उदाहरणे सावध करण्यास पुरेशी आहेत. परंतु नवे यंत्र कोणाचेही असो, त्याला विचारण्याचे प्रश्न आजच ठरवता येतात. त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक व्यवहारावर कोण जकात घेईल? दुसऱ्याने बनवलेली सेवा त्यावर चालवण्यास कोणाची परवानगी लागेल? माणसाने आपली माहिती घेऊन दुसऱ्या यंत्राकडे जायचे ठरवले तर दार उघडे असेल काय? आणि वाद झाल्यास दाद कोणाकडे मागायची? भारतीय ग्राहकाला सिमकार्ड बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. पुढे २०११ मध्ये क्रमांक न बदलता सेवाकंपनी बदलण्याची सोयही देशभर लागू झाली. ही सोय बाजाराने आपण होऊन दिलेली नव्हती. नियामकाने ती देण्यास भाग पाडले होते. हेच तत्त्व यंत्राच्या आतल्या दुकानाला लावायचे की नाही, हा उद्याचा खरा धोरणविषयक प्रश्न आहे.

२००७ साली एका कंपनीने आपल्या नावातला एक शब्द गाळला, तेव्हा जगाने तिच्या हातातले यंत्र पाहिले आणि पाटीवरचा बदल पाहिला नाही. पुढल्या वेळी यंत्राचे कौतुक अवश्य व्हावे. पण नाका उभा राहून जकात सुरू होण्यापूर्वी पाटीही वाचली जावी. नंतर वाचणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ती चढेपर्यंत एक तप निघून जाते, एवढे तरी या इतिहासाने दाखवून दिले आहे.